धातूंची विशिष्ट उष्माधारकता : आकडा कुठवर खरा?

मंडळी, ‘तत्त्वज्ञानाच्या माणसाने उष्णतेवर का बोलावे?’ असे काहींनी विचारले. आमचे म्हणणे असे की, एखादा आकडा खरा म्हणजे कुठवर खरा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे.

आधी मोजू या. एक ग्रॅम धातू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे त्याची विशिष्ट उष्माधारकता. समजा, २०० ग्रॅम लोखंड उकळत्या पाण्यात १०० अंशांपर्यंत तापवले आणि पटकन २५ अंशांच्या ३०० ग्रॅम पाण्यात सोडले. दोघे ३० अंशांवर स्थिरावले. पाण्याने घेतली ३०० × ४.१८ × ५, म्हणजे ६,२७० ज्यूल. तेवढीच लोखंडाने दिली, ७० अंश उतरून. ६,२७० ला २०० × ७० ने भागा : ०.४५ ज्यूल. (भांड्यानेही थोडी उष्णता घेतलेली असते, प्रयोगशाळेत तीही धरतात.)

आता तुलना करू. ॲल्युमिनियम ०.९०, तांबे ०.३९, हुपरीच्या पैंजणांतली चांदी ०.२४, शिसे ०.१३. काहीच मेळ नाही, होय ना? पण १८१९ साली द्यूलाँ आणि पेती या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी या आकड्यांना अणुभाराने गुणले. आपणही गुणू : लोखंड ०.४५ × ५६, चांदी ०.२४ × १०८, शिसे ०.१३ × २०७. सगळी उत्तरे २५ च्या आसपास! वजनाऐवजी अणूंच्या संख्येचा हिशोब धरला, की भेद जवळजवळ मिटतो. आणि हे कधी? अणू आहेत की नाहीत यावरच विद्वानांचा वाद चालू होता तेव्हा.

मग हा नियम सार्वत्रिक का? नाही. हिऱ्याचे उत्तर नेहमीच्या तापमानाला सहाच्या आसपास येते. धातू फार थंड केले की त्यांचेही उत्तर घसरत जाते. हे का होते याचा पहिला पटणारा खुलासा आइन्स्टाइनने १९०७ मध्ये दिला : अणूंची कंपने हवी तेवढी थोडी ऊर्जा घेत नाहीत, ठरावीक पुडक्यांतच घेतात. थंडीत तेवढे पुडके परवडत नाही. हिऱ्याचे पुडके मोठे, म्हणून त्याला नेहमीचे तापमानही थंडच.

उलट टोक आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीत आहे. एक टन लोखंड १,४०० अंशांनी तापवायचे, तर ०.४५ धरून ६३ कोटी ज्यूल, म्हणजे १७५ युनिट वीज होते. विजेच्या भट्टीला प्रत्यक्षात ५०० च्या वर लागते. कारण तापमानाबरोबर उष्माधारकता वाढते, वितळायला वेगळी उष्णता लागते, आणि बरीचशी भट्टीच्या भिंतींतून व उघड्या तोंडातून जाते. पुस्तकातला ०.४५ खोटा नाही. तो खोलीच्या तापमानाचा आहे. त्यावर कास्टिंगचा भाव काढणारा मात्र बुडेल.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी आकडा सांगितला, की दोन गोष्टी विचारा : कशामागे मोजला, आणि कोणत्या तापमानाला?