बाजाराच्या दिवसापर्यंत न थांबणारी दुखणी

वऱ्हाडात दुखणं हंगाम बघून येतं. मे महिन्यात उन्हाचं, जुलैत पाण्याचं, पुढे कपाशी वाढली की फवारणीचं आणि सापाचं. अडचण अशी, की हे बहुतेक कामाचेच महिने. म्हणून "जाऊ ना बजाराच्या रोजी, आता काय होते तेवढ्यानं?" हे उत्तर गावोगाव ऐकू येतं. किराण्यासाठी तालुक्याला जायचंच असतं, डॉक्टरही तेव्हाच. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी बुडालेली मजुरी, एस.टी.चं तिकीट आणि सोबतच्या माणसाचा वाया गेलेला दिवस यांची बेरीज करून पाहावी. सर्दी-पडसं, अंगदुखी, एखाद्या दिवसाचा ताप यांच्या बाबतीत हा हिशेब चुकतही नाही. चुकतो तो मोजक्या लक्षणांच्या बाबतीत, आणि तिथे संध्याकाळसुद्धा फार लांब असते.

अकोल्याच्या उन्हाच्या फुशारक्या आता पुरे झाल्या. 2024 च्या मे महिन्यात तिथे जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं, इथवर सावली, मीठ-साखरेचं पाणी आणि पन्हं पुरतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा त्याला झटके आले, की तो उष्माघात. अंग कोरडंच पडतं असं नाही. राबणाऱ्या माणसाला घामाने निथळतानाही उष्माघात होतो. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा; शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. खिशातल्या कांद्यावर माझा राग नाही, पण बादलीभर पाण्याचं काम तो करत नाही.

2022 च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, बंद झालेली लघवी: कॉलऱ्यात हे सगळं काही तासांत घडतं. पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करायचं आणि वाट धरायची.

मेळघाटातच 2025 च्या फेब्रुवारीत सिमोरी गावात 22 दिवसांच्या बाळाला श्वास घेणं जड जात होतं, म्हणून त्याच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके दिले गेले. बातमी वाचून शहरात सगळे हळहळले, संतापलेही. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. लक्षण घरच्यांना बरोबर कळलं होतं. पाऊल चुकलं ते त्यानंतर. बाळाचा श्वास ओळखायला डॉक्टर लागत नाही, हे अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या साध्या माणसांना आणि सुइणींना श्वास मोजायला शिकवून केव्हाच दाखवलं आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा तान्हं बाळ गार पडलं असेल, तर मोजतसुद्धा बसायचं नाही.

फवारणीकडे मात्र आपण अजून धडपणे पाहिलेलं नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, तेव्हा चौकशीचं काम अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या पथकाकडे आलं होतं. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे औषधाचा फवारा थेट तोंडावर. ही विषबाधा कपटी असते, कारण सुरुवात रोजच्या थकव्यासारखीच: डोकं जड, मळमळ, अंधूक दिसणं. "उन्हानं झालं असन" म्हणून माणूस पुढचा पंप भरतो. पण लाळ, घाम आणि डोळ्यांतून पाणी एकाच वेळी येऊ लागलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, स्नायू फडफडू लागले, दम लागला, तर ऑर्गेनोफॉस्फेट गटातलं विष अंगात भिनलं आहे. कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचं आणि औषधाची बाटली सोबत न्यायची. हा शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. डॉक्टरला लेबल हवं असतं, कारण अ‍ॅट्रोपिन या गटावर चालतं, प्रत्येक विषावर नाही.

मण्यारीचं त्याहून अवघड. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. सूज नाही, वेदना नाही, कधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या उघडत नाहीत, बोबडी वळते. पावसाळ्यात असं झालं तर साप दिसला नाही म्हणून थांबू नये. आवळपट्टी आणि ब्लेडने चिरा देणं दोन्ही वाईट. प्रतिविष सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

छातीत दाब आणि दरदरून घाम म्हणजे "गॅस" नव्हे, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. मधुमेही माणसाला आणि बायांना मात्र कधी नुसताच दम लागतो किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, हे ठाऊक नसतं. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालयच गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

उरलं किडनीचं दुखणं, आणि त्याला हा सगळा हिशेबच लागू होत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे रुग्ण गावोगाव भेटतात. बोट विहिरीच्या खाऱ्या पाण्याकडे दाखवलं जातं. मधुमेह, रक्तदाब आणि कंबर दुखते म्हणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र सुटून जातात. सकाळी चेहरा सुजणं, पाय सुजणं, लघवीला फेस येणं ही लक्षणं दिसेपर्यंत किडनी बरीचशी गेलेली असू शकते. इथे लक्षणाची वाट पाहणंच चूक. चाळिशीनंतर, आणि मधुमेह-रक्तदाब असेल तर त्याआधीही, रक्तदाब, साखर, लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासून घ्यायचं, काहीही दुखत नसताना.