विमान गेलं, खुर्ची उरली

४ जून २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, शिरसगावच्या शिवारात हवाई दलाचं सुखोई-३० विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले, ते बसल्या खुर्चीसकट विमानाबाहेर फेकले गेले म्हणून. या खुर्चीला ‘इजेक्शन सीट’ म्हणतात. ती पहिल्यांदा कामी आली, ती कधीच कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर न पडलेल्या एका विमानात.

जर्मनीच्या हाइन्केल कंपनीचं ‘एचई-२८०’ हे जेट इंजिनावर चालणारं पहिलं लढाऊ विमान १९४१ मध्ये उडालं. त्या वेगात वैमानिकाने नुसती उडी मारली, तर वाऱ्याच्या झोताने तो शेपटीवर आदळणार. म्हणून दाबलेल्या हवेच्या जोरावर वर उडणारी खुर्ची त्यात बसवली. १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक हा वैमानिक चाचणीसाठी दुसऱ्या विमानांनी ओढत नेलेल्या एचई-२८० मध्ये होता. बर्फ साचल्यामुळे ओढदोर सुटेना. त्याने खुर्ची उडवली आणि पॅराशूटने तो सुखरूप उतरला. पुढे जर्मन सरकारने मेसरश्मिट कंपनीच्या एमई-२६२ ला पसंती दिली आणि १९४३ मध्ये एचई-२८० चं काम थांबलं. जेमतेम ९ विमानं बनली. खुर्ची मात्र जगभर गेली.

हवेच्या जागी पुढे स्फोटक दारू आणि रॉकेट आलं. खुर्ची उडते त्या क्षणी शरीराचं वजन १२ ते २० पट झाल्यासारखा भार पाठीच्या कण्यावर येतो. म्हणून वैमानिकाला शिकवतात: पाठ ताठ, डोकं मागे टेकलेलं, पट्टे घट्ट. कणा सरळ असेल तर भार मणक्यावर सारखा वाटला जातो. पुढे वाकलेला असेल तर तो मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि मणका पाचरीसारखा दबतो. छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचे, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला, हे मणके यात जास्त सापडतात.

नेमके हेच मणके कोल्हापुरातही दबतात, आणि त्यासाठी विमान लागत नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेली साठीची आजी गतिरोधकावर वर उडते आणि धाडकन खाली आदळते. मागच्या चाकांच्याही मागे असल्याने त्या बाकाला झोका मोठा बसतो. नारळावरून किंवा कौलांवरून पडणाऱ्याचंही तसंच. वैमानिकाची हाडं तरुण आणि तपासलेली असतात. पाळी थांबल्यानंतर ठिसूळ झालेल्या हाडांना मात्र एवढासा धक्काही पुरतो.

घरी मग ‘उसण भरली’ म्हणतात. कोणी चोळतं, कोणी पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतं. मणका दबलेला असेल तर हे उपाय घातक ठरू शकतात. धक्क्यानंतर पाठीच्या मधोमध दुखत असेल, उठता-बसता कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढावा. पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर एक तासही थांबू नये.

उंचावरून पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका. १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर तीन-चार जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावं. वयस्कांना एसटीत पुढची जागा द्यावी. साठीनंतर उंची कमी झाली किंवा पोक आलं, तर हाडांची घनता तपासून घ्यावी.

वैमानिकाला खुर्ची उडणार हे आधी कळतं, पाठ ताठ करायला क्षणभर तरी मिळतो. शेवटच्या बाकावरच्या आजीला तेवढाही मिळत नाही.