स्लॅब, शर्ट आणि दोन प्रकारचं थांबणं

मित्रहो, 'घर पहावं बांधून, लग्न पहावं करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लग्नाचा अनुभव आपल्या हॉस्टेलवर रेक्टर सर सोडले तर कुणालाच नाही, त्यामुळे तो विषय सरांसाठी राखून ठेवतो. घराचा अनुभव मात्र मी नुकताच घेतलाय. २०२५ साली आमचं गावचं घर बांधून झालं आणि त्याचं वेळापत्रक अस्मादिकांनी केलं होतं. थर्ड इयरला होतो, प्लॅनिंगच्या पेपरात बरे मार्क पडले होते, त्यामुळे अंगात जरा वारं होतं. ते वारं कसं उतरलं आणि उतरता उतरता काय शिकवून गेलं, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच!

इतर ब्रँचच्या मित्रांनी पान उलटू नये. घर कधी ना कधी तुम्हालाही बांधायचंच आहे.

आधी शर्ट

समजा, उद्या कॅम्पस इंटरव्ह्यू आहे आणि एकुलता एक पांढरा शर्ट मळलाय. शर्ट भिजवायला अर्धा तास, धुवायला वीस मिनिटं, वाळायला चार तास, इस्त्रीला दहा मिनिटं. बेरीज बरोबर पाच तास. शिवाय केस कापायचेत, बायोडाटाची प्रिंट काढायचीय, बुटाला पॉलिश करायचंय. या तिन्हींचे मिळून दोन तास.

आमचा एक रूम पार्टनर सकाळी उठून आधी कटिंगला गेला, मग प्रिंट काढली, मग आरशात बघता येईल इतके बूट चमकवले. दिवसभर काम करून दमला बिचारा! शर्ट भिजवला दुपारी चार वाजता. दुसऱ्या दिवशी ओल्या कॉलरने इंटरव्ह्यू दिला.

त्याने आळस केला नव्हता. चुकला होता तो क्रम. शर्ट सकाळीच भिजत घातला असता, तर तो वाळत असताना त्या चार तासांत बाकी सगळी कामं उरकून वर दोन तास झोप झाली असती. भिजवणे-धुणे-वाळणे-इस्त्री ही जी सर्वात लांब साखळी, तिलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. त्यातलं एकही काम लांबलं की शेवट लांबलाच. उरलेल्या कामांना जी सवड असते तो फ्लोट.

ही पद्धत, म्हणजे सीपीएम, १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. तिची बहीण पर्ट १९५८ ची, अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामातून आलेली. पण क्षेपणास्त्र असो की शर्ट, तत्त्व एकच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, शर्टाच्या साखळीत सर्वात मोठा वाटा 'वाळण्या'चा आहे. तिथे कुणी काहीच करत नाही. नुसतं थांबायचं असतं.

आता घर

आमचं गाव कराडजवळ. आण्णा एसटीतून रिटायर झाले, फंडाचे पैसे आले, थोडं बँकेचं कर्ज काढलं. वर्षानुवर्षं भाड्याने राहत होतो. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, म्हणून त्यांनी ३१ मेपर्यंत घर रिकामं करून मागितलं. म्हणजे आमच्या 'सबमिशन'ची तारीख ठरलेली आणि एक्स्टेन्शन नाही! भूमिपूजन मार्गशीर्षातच उरकून घेतलं आणि १ जानेवारीला कामाला हात घातला. तळमजल्याचं साधं आरसीसी घर. मी केलेली साखळी अशी होती (कंसात दिवस):

१. आखणी आणि खोदाई (६)
२. फूटिंग आणि जोत्यापर्यंतचे कॉलम (१२)
३. जोत्याचे बीम, मुरूम भरून पाणी मारून धुमसणे (१४)
४. वरचे कॉलम (८)
५. स्लॅबचं सेंटरिंग आणि सळई (१२)
६. स्लॅब ओतणे (१)
७. टेकू काढेपर्यंत थांबणे (१४)
८. विटांचं बांधकाम (१८)
९. भिंतीत खाचा पाडून वायरिंग-प्लंबिंगचे पाईप (८)
१०. आतलं प्लास्टर (१४)
११. प्लास्टरवर पाणी मारणे (७)
१२. फरशी (१४)
१३. रंग आणि फिटिंग (१५)

बेरीज १४३ दिवस, म्हणजे २३ मे. हातात आठ दिवस शिल्लक. मी चार्ट रंगवून भिंतीवर लावला. आण्णांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला.

या साखळीच्या बाहेरही कामं होती. उदाहरणार्थ, दारांच्या चौकटी. त्या लागणार विटांचं काम सुरू होताना, म्हणजे ६७ दिवस संपल्यावर. सुताराला बनवायला २५ दिवस. म्हणजे ४२ व्या दिवसापर्यंत ऑर्डर दिली तरी चालतं. आमचे मिस्त्री म्हणाले, "चौकटींचं काय एवढं? भिंत उठली की सांगू." पण मी कागद दाखवला आणि पहिल्याच आठवड्यात आण्णांनी सुताराला ॲडव्हान्स दिला. पुढे लगीनसराईत सुताराकडे कामाची रीघ लागली, तेव्हा आमच्या चौकटी अंगणात तयार होत्या. पेपरातल्या मार्कांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं!

जे चार्टमध्ये नव्हतं

जोतं वेळेवर झालं. आता बँकेचा पुढचा हप्ता यायचा होता. तो देण्याआधी बँकेचा इंजिनियर येऊन काम बघतो. आम्ही अर्ज केला जोतं पूर्ण झाल्यावर. तो येऊन, रिपोर्ट जाऊन, पैसे जमा होईपर्यंत पाच दिवस काम बंद. शनिवारचा पगार दिल्याशिवाय सोमवारी माणसं येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मग सेंटरिंग. ठेकेदाराच्या प्लेटा आणि टेकू दुसऱ्या एका साइटवर अडकलेले. तिथला स्लॅब अजून ओला, म्हणून सामान सुटेना. आणखी नऊ दिवस गेले. माझ्या नेटवर्कमध्ये 'सेंटरिंग १२ दिवस' होतं, पण ते सामान कुठून आणि कधी येणार हा बाणच काढलेला नव्हता.

एकूण चौदा दिवस हुकले. २२ फेब्रुवारीचा स्लॅब ८ मार्चला पडला. नवा हिशोब १५७ दिवस, म्हणजे ६ जून. घर सोडायचं ३१ मेला. सहा दिवसांचा खड्डा!

सात की चौदा?

रात्री मी चार्ट घेऊन बसलो. सर्वात मोठा आणि सर्वात 'रिकामा' आकडा डोळ्यात भरला, टेकू काढेपर्यंत थांबणे, १४ दिवस. आयएस ४५६ काढून बघितलं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्या हॉलचा स्लॅब ३.६ मीटरचा. सात दिवस वाचले की सहाचा खड्डा भरून वर एक दिवस उरतो! सकाळी मोठ्या ऐटीत मिस्त्रींना सांगायला गेलो.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. तंबाखू चोळत म्हणाले, "स्लॅबचं झालं. बीमचं काय लिवलंय पुस्तकात?"

मी पुढची ओळ वाचलीच नव्हती. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू चौदा दिवस. आणि आमच्या हॉलवरचा बीम होता ४.८ मीटरचा. वर हे सगळे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी दिलेत. आमच्या गोण्या पोझोलाना सिमेंटच्या, त्याची ताकद सुरुवातीला हळू चढते. म्हणजे चौदा हा आकडाही सढळ नव्हता. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्येसुद्धा सातव्या दिवशी २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांशच ताकद आलेली असते. त्या दिवशी टेकू काढले असते, तर कदाचित स्लॅब पडला नसता. पण बीम वाकला असता किंवा बारीक तडा गेला असता, आणि आयुष्यभर त्या हॉलमध्ये बसून मी वर बघत राहिलो असतो.

"कागदावर खोडता येतंय इंजिनियरसाहेब," मिस्त्री म्हणाले, "स्लॅबला कसं खोडणार?"

आण्णा काहीच बोलले नाहीत. फक्त चार्टवरचा माझा खोडलेला १४ पुन्हा गिरवून ठेवला.

दोन प्रकारचं थांबणं

या लेखात सांगायची गोष्ट ती हीच. बांधकामात थांबणं दोन प्रकारचं असतं.

पहिलं म्हणजे मालाचं थांबणं. काँक्रीट घट्ट होणं, प्लास्टर पिकणं, फरशीखालचा माल धरणं. इथे माणसं थांबलेली दिसतात, पण काम चालू असतं. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया हा तिथला मजूर, आणि त्याला ओव्हरटाइम देता येत नाही. हे दिवस कापायचे नाहीत. त्यांना स्वतंत्र ॲक्टिव्हिटी म्हणून चार्टवर जागा द्यायची आणि कोण पाणी मारणार त्याचं नावही लिहायचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पोझोलाना सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा हवा. आमच्याकडे १३ मार्चला होळी आली, सगळी माणसं गावी गेली. ऐन सणात काम बंद, पण आमचा एक दिवससुद्धा वाया गेला नाही, कारण स्लॅबचं पिकणं चालूच होतं. गच्चीवर आळी करून पाणी साठवलं होतं आणि आण्णा रोज पहाटे बादली घेऊन वर जायचे. रिटायर माणसाला ड्यूटी मिळाली!

दुसरं म्हणजे माणसांचं थांबणं. हप्ता, सेंटरिंगच्या प्लेटा, वाळूची गाडी आणि 'ठरवणं'. या थांबण्यातून घराला काहीच मिळत नाही. हे दिवस मात्र शून्यावर आणता येतात, अट एवढीच की आधी हालचाल करायची. जोतं होण्याच्या आठवडाभर आधीच बँकेला कळवलं असतं तर? सेंटरिंगवाल्याला खोदाईच्या दिवशीच तारीख देऊन दर रविवारी फोन केला असता तर? त्यानंतर मी चार्टवर 'फरशी ठरवणे' अशी ॲक्टिव्हिटी टाकली आणि तिच्यापुढे आईचं नाव लिहिलं. तीन दुकानं, दोन मावश्या आणि एक रुसवा एवढ्या खर्चात एप्रिलच्या सुरुवातीला फरशी ठरली. माल वेळेवर आला.

गंमत बघा, चार्टवर दोन्ही थांबणी सारखीच दिसतात. आणि घाई झाली की आपण नेमकं पहिलं कापायला जातो, कारण सिमेंट भांडत नाही. बँकेत खेटे घालण्यापेक्षा सिमेंटचे दिवस खोडणं सोपं!

खड्डा कसा भरला

काळ कमी करायचाच असेल तर तो माणसं वाढवून कमी होणाऱ्या कामात करायचा. विटांच्या कामाला गवंड्यांच्या दोन जोड्या लावल्या. एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा जास्त उंच चढवायची नसते, म्हणून दोन जोड्या एकाच भिंतीवर न घालता वेगवेगळ्या खोल्यांत लावल्या. १८ दिवसांचं काम १२ दिवसांत झालं. मजुरी थोडी वाढली, पण ३१ मे पुन्हा हातात आला. बाहेरचा रंग दिवाळीनंतर करायचं ठरवून आणखी चार दिवस काढले. आता २७ मे.

शेवटचा धडा फ्लोटचा. बाहेरच्या प्लास्टरला माझ्या मूळ चार्टप्रमाणे २४ दिवसांची सवड होती. मी म्हणत होतो, ते मागे ठेवू, आधी आतलं उरकू. मिस्त्री म्हणाले, "पाऊस काय विचारून येतोय का?" आणि दुसरी जोडी आधी बाहेरच्या प्लास्टरवर घातली. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही एप्रिलमध्येच झालं. मी मनात हसलो, आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण २०२५ चा मे तुम्हाला आठवत असेलच. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबई-पुण्यात दाखल! त्याच्या आधीपासूनच वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. बाहेरचं प्लास्टर जर मेवर ढकललं असतं, तर आतल्या नव्या भिंती ओल्या आणि आम्ही रस्त्यावर. फ्लोट म्हणजे सुट्टी नव्हे, ती अडीनडीची पुंजी. ती आपण खर्च केली नाही तर निसर्ग मागतो तेव्हा देता येते.

२८ मेला भर पावसात टेंपोतून सामान हलवलं. आतल्या रंगाचा दुसरा हात ओल्या हवेमुळे राहिलाच होता. वास्तुशांत नंतर सवडीने केली. पहिल्या रात्री पाऊस गच्चीवर धो-धो कोसळत होता आणि आम्ही चौघं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो होतो. बरोबर त्या ४.८ मीटरच्या बीमखाली. मी बराच वेळ वर बघत होतो. थेंब नाही, तडा नाही.

चार्ट अजून भिंतीवर आहे. त्यावर गिरवलेला १४ लांबूनही दिसतो. आण्णा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतात, फक्त आता मिस्त्रींचं नाव आधी घेतात आणि माझं नंतर.

तर मित्रहो, पुढच्या वेळी घर बांधायला काढाल तेव्हा कामांची यादी करालच, पण थांबण्यांचीही करा. कोणतं थांबणं सिमेंटचं आणि कोणतं आपलं, ते वेगळ्या रंगाने लिहा. आणि तोपर्यंत निदान इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी शर्ट सकाळी भिजत घाला!