हुमणीचा आफ्रिकेतला थोरला भाऊ : गोलियाथ भुंगा

वळवाचा पाऊस झाला की निपाणी-चिकोडी पट्ट्यातला ऊसवाला संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीकडे बघतो. हुमणीचे भुंगेरे तिथंच जमतात. याच हुमणीच्या कुळात, म्हणजे स्कॅरॅबिडी कुळात, आफ्रिकेतला एक भुंगा आहे जो तळहातावर ठेवला तर तळहात भरतो. त्याचं नाव गोलियाथस. बायबलमधला राक्षसी योद्धा गोलियाथ, त्याच्यावरून ठेवलेलं. १७६६ मध्ये गॅबन नदीच्या मुखाशी मेलेला, पाण्यावर तरंगताना तो सापडला आणि विल्यम हंटर यांच्या संग्रहात गेला. १७७१ मध्ये लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं.

नर ६ ते ११ सेंटिमीटर, मादी थोडी लहान. नराच्या डोक्यावर वाय आकाराचं शिंग असतं. झाडाच्या चिकावरून किंवा मादीवरून भांडण लागलं की ते उपयोगी पडतं. मादीला शिंग नाही. तिचं डोकं पाचरीसारखं, कारण तिला अंडी घालायला माती उकरायची असते. मानेमागच्या ढालीवर काळे पट्टे, तेवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

खरी गंमत पंखांत आहे. हुमणीचा भुंगेरा उडताना वरचे टणक पंख उघडतो. गोलियाथ ते मिटलेलेच ठेवतो. त्यांच्या कडेला खाच असते, तिथून आतले पातळ पंख बाहेर काढून तो उडतो. फुलांवर येणाऱ्या सेटोनिनी उपकुळाची ही खासियत, आणि गोलियाथस याच उपकुळातला. नारळाला छळणारा गोव्यातला गेंडा भुंगा शिंगवाला असला तरी त्याचं उपकुळ वेगळं. म्हणजे नुसत्या शिंगावरून नातं ठरवू नये.

अळी हुमणीसारखीच पांढरी, वाकलेली. पण वजन १०० ग्रॅमपर्यंत! पुढे भुंगा झाल्यावर ते बरंच कमी भरतं. तिला कुजक्या पाल्याबरोबर प्रथिनंही लागतात. कोष मातीतच करते. कोरडा हंगाम सरून पाऊस लागला की भुंगा वर येतो. इथंही पावसाचीच वाट.

या प्रजातीत साधारण पाच जाती मानतात. गोलियाटस कॅमेरून-काँगोकडच्या जंगलात, रेजियस आणि कॅसिकस पश्चिम आफ्रिकेत, ओरिएंटॅलिस आणि आकाराने लहान अल्बोसिग्नॅटस आग्नेयेकडच्या विरळ झाडीत. ‘ॲटलास’ नावाची सहावी जातही पूर्वी मोजत. आता बहुतेक अभ्यासक तिला रेजियस आणि कॅसिकसचा संकर मानतात, कारण जिथे या दोघांचा वावर आहे तिथंच ती सापडते.

आणि नेमकं तिथलंच, आयव्हरी कोस्ट आणि घानातलं जंगल कोकोच्या लागवडीसाठी मोठ्या प्रमाणावर तुटलं आहे. मोठा झाला तरी भुंगा झाडाच्या चिकावर जगतो. झाड गेलं की त्याचं जेवणच गेलं. शिवाय संग्राहकांना विकायला सुंदर नग पकडून नेतात, तो त्रास वेगळाच. आपल्याकडे हुमणी कशी संपवायची याची चिंता, तिकडे तिचा हा भाऊ टिकवायचा कसा याची.