कोऱ्या राजीनाम्यावर चालणारी चळवळ

गेल्या हंगामात आम्ही जेऊरला गेलो होतो. जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशनाचे गाव. उजनीच्या पाण्याने हा सारा पट्टा उसाचा आणि केळीचा झाला आहे. ऊस आला की तोडणीच्या टोळ्या येतात, टोळ्या आल्या की कोप्या पडतात आणि कोप्यांबरोबर शाळा सुटलेली मुलेही येतात. या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेत काम करणारी आपल्या समाजातील एक मुलगी वंदनेचा कार्यक्रम आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर थांबून राहिली. चारचौघे निघून गेल्यावर म्हणाली, "दादा, तुम्हाला एक कागद दाखवायचाय."

तो कागद म्हणजे तिच्याच राजीनाम्याची मोबाईलवर काढलेली छबी होती. खाली तिची सही, तारखेची जागा कोरी. कामावर घेताना संस्थेने तो लिहून घेतला होता. सगळ्यांकडूनच घेतात, असे ती म्हणाली.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. महिन्याला नऊ हजार 'मानधन', तेही दोन-दोन महिने उशिरा. रात्री अकराला फोनवर संदेश येतो आणि सकाळी सहाच्या आत त्याचा अहवाल पाठवायचा असतो. आईच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रजा मागितली तेव्हा 'तुमची बांधिलकी कमी पडते' असे सर्वांसमोर ऐकवले गेले. दर शनिवारी 'आत्मपरीक्षण सभा' होते. तिच्यात एकेका कार्यकर्त्याने उभे राहून आपल्या चुका सांगायच्या आणि साहेबांनी त्यांत भर घालायची. साहेबांनी मात्र कधी चूक सांगितलेली नाही. पगाराचे कोणी विचारले तर ठरलेले उत्तर मिळते: ही नोकरी नव्हे, हे मिशन आहे; बाबासाहेबांनी पगार मागितला होता काय?

हेही तिने सोसले असते. तिचे अडले हजेरीपटावर. कोपीवरच्या वर्गात सतरा मुले बसत होती आणि देणगीदाराला पाठवायच्या पटावर चाळीस नावे होती. खाली तिने सही करायची होती. ती नाही म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या तारखेच्या त्या कागदाची छबी तिच्या मोबाईलवर आली, खाली एक शब्दही न लिहिता.

आता आमची अडचण सांगतो. ही संस्था कोण्या परक्याची नाही. भिंतीवर फुले, सावित्रीमाई, बाबासाहेब आहेत, प्रमुख आपलेच आहेत आणि चळवळीत त्यांनी काठ्या खाल्ल्या आहेत. संस्थेच्या वर्धापनदिनी आम्ही हार घालून भाषण केले आहे. त्याहून वाईट म्हणजे संस्थेच्या घटनेचा मसुदा आम्हीच तपासून दिला होता. 'संस्थापक हे आजीव अध्यक्ष राहतील' हे कलम त्यात आहे. तेव्हा त्यात आम्हाला कृतज्ञता दिसली. सरकारने आजीव विश्वस्तांच्या संख्येवर एक चतुर्थांशाची मर्यादा आणणारी दुरुस्ती २०२५ साली केली खरी, पण सात जणांच्या मंडळात एकच आजीव असला तर ती मर्यादा ओलांडली जात नाही. उरलेले सहा जण त्याच्याच मर्जीने येतात आणि जातात, हे कायद्याला दिसत नाही. आम्हाला दिसायला हवे होते.

ज्येष्ठांच्या कानावर आम्ही हे घातले. "घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला? शत्रूच्या हाती कोलीत जाईल," असे उत्तर आले. हे उत्तर आम्ही पंचवीस वर्षे ऐकतो आहोत, काही वेळा स्वतःही दिलेले आहे. म्हणूनच विचारतो, घर कोणाचे? नऊ हजारांत फडावर फिरणारी मुलगी त्या घरातली आहे की नाही?

मिशन म्हटले की नियम नकोत, ही कल्पना आली कोठून? निदान आपल्या परंपरेतून ती आलेली नाही. जगातल्या सर्वात जुन्या मिशनपैकी एक म्हणजे तथागतांचा भिक्खूसंघ. तिथे पगार नव्हता, मालमत्ता नव्हती, पण विनयाचे नियम होते, आणि त्यातले कितीतरी नियम कोणी तरी तक्रार केली म्हणून घातले गेले. वर्षावास संपला की पवारणा होई. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करी की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले वा तुम्हाला शंका आली असेल तर सांगा. याची सुरुवात सर्वात ज्येष्ठापासून होत असे. स्वतः भगवंतांनी भिक्खूंना तसे विचारल्याची नोंद संयुत्तनिकायात आहे. जेऊरच्या शनिवारच्या सभेत नेमके उलटे घडते. धाकट्यांनी कबूल करायचे आणि थोरल्याने ऐकायचे! भगवंतांनी आपल्यामागे कोणाला गादीवर बसवले नाही, धम्म आणि विनय हेच शास्ते राहतील असे सांगितले. आपल्याकडे मात्र संस्थापकाचा मुलगा कॉलेजात असतानाच सचिव होतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच दोन गोष्टी एकाच भाषणात सांगितल्या. भिक्खूसंघांना बैठकव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे संसदीय नियम माहीत होते, हे त्यांनी तिथे सांगितले. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही तिथलाच. हा इशारा आपण दिल्लीकडे बोट दाखवून वापरतो. तालुक्याच्या संस्थेला तो लागू नाही काय?

आणि बाबासाहेबांनी पगार मागितला होता काय, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाचे काम पाहा. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामाचे तास मोजणारा हा माणूस होता. रात्री अकराच्या संदेशाला त्यांचे नाव जोडणे हा त्यांचा अवमान आहे.

त्यांच्या शैक्षणिक कामाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. पुढे ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादचे मिलिंद. मिलिंदच्या प्राचार्यपदी त्यांनी म. भि. चिटणीसांना बसवले. आपल्या जातीचा नाही म्हणून त्यांना डावलले नाही. आणि बाबासाहेबांच्या पश्चात? त्याच सोसायटीचा अध्यक्ष कोण आणि कार्यकारिणी कोणाची, यावरून आपल्याच नेत्यांचे वाद धर्मादाय आयुक्त आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. हे लिहिताना हात जड होतो. पण वकील म्हणून आम्हाला माहीत आहे की अध्यक्षपदाचा वाद वर्षानुवर्षे चालला की वर्गात शिकवणारा आणि कार्यालयात फाईल उचलणारा माणूस कोणाचे ऐकावे या पेचातच म्हातारा होतो.

प्रस्थापितांच्या संस्थांत फार वेगळे चालते, असा कोणाचा समज असेल तर तोही दूर करू. जेऊरहून सोलापूरमार्गे तुळजापूरला जा. तिथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे. १९३६ पासून समाजकार्य शिकवणारी ही संस्था. जून २०२४ च्या अखेरीस तिने आपल्या चार संकुलांतील ५५ अध्यापक आणि सुमारे ६० कर्मचाऱ्यांना कळवले की टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानाला मंजुरी आलेली नाही, म्हणून तुमची मुदत संपली. बरीच वर्षे शिकवणारी माणसे त्यात होती. बोभाटा झाला, ट्रस्टने पैसे देण्याचे मान्य केले आणि दोन दिवसांत पत्रे मागे घेतली गेली. शोषणावर प्रबंध लिहून घेणाऱ्या संस्थेतही शिक्षकाची भाकरी देणगीदाराच्या एका सहीवर लटकलेली असते, एवढे त्यावरून दिसले.

मग कायदा कुठे आहे? वाचकांनी हे नीट समजून घ्यावे, कारण आपली शेकडो मुले-मुली अशा संस्थांत आहेत. मान्यताप्राप्त खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी कायदा आहे. राजीनामा दोन प्रतींत, स्वतः तारीख घालून, नोंदणीकृत टपालाने पाठवायचा, असे त्याच्या कलम ७ मध्ये लिहिले आहे. कोरे राजीनामे घेण्याची चाल विधिमंडळाला ठाऊक असल्याखेरीज असे कलम आले असेल, असे आम्हाला वाटत नाही. काढून टाकले तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. पण कोपीवरचा वर्ग ही मान्यताप्राप्त शाळा नव्हे, तेव्हा आमच्या मुलीला हा कायदा नाही.

१९७८ साली बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाचा अर्थ रुंद केला होता, धर्मादाय संस्थाही त्यात येऊ शकत होत्या. १९८८ साली त्याच न्यायालयाने शिक्षक हा 'कामगार' नव्हे असे ठरवले. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतूनच वगळल्या. म्हणजे सेवा हा शब्द लावला की औद्योगिक न्यायालयाचा दरवाजा बंद. यावर आपल्या एकाही पुढाऱ्याने तोंड उघडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कदाचित बऱ्याच पुढाऱ्यांच्या स्वतःच्याच संस्था आहेत म्हणून असेल.

तरी सगळे संपलेले नाही. वेतन संहितेत 'कर्मचारी' हा शब्द व्यापक आहे, आणि वेतनाला मानधन म्हटल्याने ते बदलत नाही. दहा वा अधिक माणसे असतील तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवीच. या संस्थेत ती फक्त कागदावर आहे आणि तिच्या अध्यक्षा साहेबांच्या पत्नी आहेत. विश्वस्त चुकत असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. आणि राजीनामा स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो.

यातला शेवटचा मार्ग आम्ही आधी धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चार ओळींचे पत्र लिहिले. कामावर येताना माझ्याकडून घेतलेला बिनतारखेचा राजीनामा माझ्या इच्छेने दिलेला नाही, तो मी मागे घेत आहे. तारीख स्वतःच्या हाताने घातली. जेऊरच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने ते गेले. पावती तिने पदराआड अशी ठेवली की जणू सोन्याची चीज. तिची आई मात्र काळजीत होती. "भाऊ, ह्यानं हिचं काम जाईल की," असे दोनदा म्हणाली. जाणार नाही, असे वचन आम्ही देऊ शकलो नाही.

आठवड्यात प्रमुखांचा फोन आला. "वकीलसाहेब, तुम्ही आपल्याच संस्थेच्या विरोधात?" आम्ही म्हणालो, जयभीम, विरोधात नाही, घटना आम्ही तपासली होती, ती दुरुस्त करायला आलो आहोत. अध्यक्षपदाला मुदत, कर्मचाऱ्यांतून निवडलेला एक प्रतिनिधी मंडळावर, तक्रारीसाठी संस्थेबाहेरच्या व्यक्तीची समिती आणि सर्व कोरे राजीनामे सभेसमोर फाडणे, एवढ्या चार गोष्टींच्या ठरावाचा मसुदा आम्ही फी न घेता पाठवला आहे. सोबत दोन महिन्यांची मुदत कळवली आहे. तोवर ठराव झाला नाही तर सोलापूरला धर्मादाय कार्यालयात अर्ज जाईल, आणि त्यावर घटनेतल्या त्या कलमासंबंधी आमचेही प्रतिज्ञापत्र असेल.

उत्तर अजून आलेले नाही. मुलगी कामावर जाते आहे. पटावर ती सतराच नावे लिहिते.