थेंबाचे वाहन, भुकटीचा प्रवास

निपाणीच्या माणसाला वाळवण्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. तंबाखू शिवारात कितीही जोमाने येवो, तिचा भाव ठरतो तो वाळल्यावर. म्हणून २०२२च्या जूनमध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या लशीला आपत्कालीन परवानगी मिळाल्याची बातमी आली, तेव्हा ‘भारताची पहिली एमआरएनए लस’ हा मथळा बाजूला राहिला आणि माझी नजर आतल्या एका ओळीवर अडली. ही लस भुकटीच्या रूपात होती आणि साध्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांवर, राहत होती. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांची थंडी लागे. हा फरक पडला कसा, हे शोधत गेलो आणि औषधापेक्षा त्याच्या वाहनातच अधिक रमलो.

पार्श्वभूमी चटकन उरकतो. जनुकीय औषध म्हणजे पेशीला दिलेली सूचना: अमुक प्रथिन बनव, तमुक बनवणे थांबव किंवा मूळ डीएनएतला दोष दुरुस्त कर. सूचना डीएनएत किंवा आरएनएत लिहिलेली असते. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३चे नोबेल मिळाले ते आरएनएतली अक्षरे थोडी बदलून परक्या आरएनएविरुद्धचा शरीराचा थयथयाट थांबवल्याबद्दल. एवढे पुरे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. नुसता आरएनए रक्तात सोडला तर तिथली विकरे त्याचे पाहता पाहता तुकडे करतात. त्यातून जो वाचेल त्याच्यावर ऋण प्रभार, पेशीच्या आवरणावरही ऋण प्रभार. म्हणजे दारातूनच परत. हा अडथळा ओलांडायला शास्त्रज्ञांनी आधी विषाणूच कामाला लावले. २०२१च्या जानेवारीत पुण्याहून महामार्गाने बेळगावला आलेली कोविशील्ड याच जातीची. चिंपांझीच्या निरुपद्रवी केलेल्या विषाणूत बसवलेला डीएनए आपण दंडात टोचून घेतला, त्याचा फारसा बोभाटा झाला नाही इतकेच. पण विषाणूला शरीर ओळखू लागते आणि तेच वाहन पुन्हा पाठवले तर वाटेतच अडवते. म्हणून माणसाने घडवलेले वाहन हवे.

ते चरबीचे निघाले. अॅलेक बँगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात दाखवले की काही स्निग्ध रेणू पाण्यात पडले की आपोआप पोकळ गोळ्या बनतात. त्यातून पुढे कॅनडात, व्हँकुव्हरच्या पीटर क्युलिस यांच्या गटाने आजचा कण घडवत नेला. हा कण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. त्यात चार घटक असतात. फॉस्फोलिपिड आकार सांभाळते. कोलेस्टेरॉल, ज्याच्या नावाने आपण तूप सोडतो तेच, खडीत वाळू भरावी तसे मधल्या फटी भरते. पीईजी नावाचा रेणू जोडलेली चरबी कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. चौथा घटक हा खरा कलाकार. आम्लात तो धन प्रभारित होतो आणि रक्तात जवळजवळ प्रभारहीन राहतो. कारखान्यात आम्ल द्रावणात तो आरएनएला घट्ट धरतो, मग द्रावण उदासीन केले की शांत होतो आणि रक्तातून बिनबोभाट जातो. पेशी त्याला गिळते आणि एका पिशवीत कोंडते. जे आत आले ते पचवण्यासाठी ही पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि तिथेच पेशी फसते. आंबटपणा वाढताच आपला कलाकार पुन्हा प्रभारित होतो, पिशवीच्या भिंतीत घुसतो आणि आरएनए बाहेर निसटतो. पेशीच्याच पचनाच्या सोयीला कुलपाची किल्ली बनवणाऱ्या या बुद्धीपुढे मी अजूनही हात जोडतो. खरे तर गिळलेल्या कणांतला अगदी थोडाच माल असा सुटतो, बाकीचा पिशवीतच संपतो. तरी काम होते.

या जातीच्या वाहनातून आलेले पहिले मान्यताप्राप्त आरएनए औषध म्हणजे २०१८चे पॅटिसिरान. ते एका दुर्मीळ आनुवंशिक मज्जातंतूरोगावर दिले जाते आणि यकृतात बनणारे घातक प्रथिन थांबवते. यकृतच का? रक्तातले एपोई नावाचे प्रथिन या कणांना चिकटते आणि यकृताच्या पेशी एपोईला ओळखून आत घेतात. २०२५ साली फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी खास बनवलेले जनुक-दुरुस्तीचे औषध गेले तेही याच वाहनातून आणि याच यकृताकडे.

आता पुन्हा जेनोव्हाकडे. तिने २०२०मध्ये सिएटलच्या एचडीटी बायो या कंपनीशी हात मिळवला. एचडीटीच्या वाहनाची तऱ्हाच वेगळी. त्यात तेलाचा सूक्ष्म थेंब असतो, पोटात लोह ऑक्साइडचे कण आणि अंगावर कायम धन प्रभार. आरएनए आत भरायचा नाही, बाहेरून चिकटवायचा! तेल वेगळे तयार ठेवा, आरएनए वेगळा. मला ही सुटसुटीत रचना फार आवडते, जाणकारांनी काहीही म्हणावे.

पण उणे ७० अंशांची गरज पडते ती कशामुळे? पाण्यामुळे. पाण्यात आरएनएची साखळी हळूहळू तुटत जाते. थंडी फक्त ती तूट लांबवते. पाणीच काढून घेतले तर? गोठवायचे, निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करायची आणि रेणूंना सावरायला साखर ठेवायची. या पद्धतीने भुकटी होते.

इथे निपाणीकराने तंबाखूकडे वळल्याशिवाय कसे चालेल? जगातला पहिला ओळखला गेलेला विषाणू तंबाखूवरचाच. १८९२मध्ये रशियाच्या इव्हानोव्स्कीने रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरी रोग पसरला. १९५५मध्ये अमेरिकेत फ्रेन्केल-कोनराट आणि विल्यम्स यांनी त्याचा आरएनए आणि प्रथिन वेगळे करून पुन्हा एकत्र केले, तर दोघांनी मिळून आपोआप पुन्हा विषाणू उभा केला. ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड अशी ही पोकळ नळी. आता तिच्याच धर्तीवर औषधांची वाहने घडवण्याचे प्रयोग चालतात. आणि ही नळी वाळलेल्या पानात वर्षानुवर्षे टिकते! आमच्या गोदामांत निसर्गाने हे कोडे केव्हाच सोडवलेले होते.

बेळगावनेही एकदा सोडवले. टिळकवाडीतला व्हॅक्सीन डेपो आज सकाळी फिरायला येणाऱ्यांना झाडांसाठी माहीत आहे. मीही बेळगावात मुक्काम पडला की तिथेच चालतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या या संस्थेत देवीची लस बनत असे. जनावरांच्या कातडीवर वाढवलेली ती पातळ लस आपल्या उन्हाळ्यात लवकर निकामी व्हायची आणि ती मेली आहे हे बाटलीकडे पाहून कळायचे नाही. १९५०च्या दशकात लंडनच्या लेस्ली कॉलियरने ती गोठवून सुकवण्याची खात्रीची रीत बसवली. ही कोरडी लस ३७ अंशांतही महिनाभर तग धरे. भारतात ती बनवणाऱ्या चार ठिकाणांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबादबरोबर बेळगाव होते. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५मध्ये आढळला. त्याचे श्रेय देताना आपण सुईचे आणि स्वयंसेवकांचे नाव घेतो, पण सुकवण्याच्या यंत्राचे घेत नाही, हा माझा जुना राग आहे.

जेनोव्हाची लस साथ ओसरल्यावर आली, म्हणून फारशी कुणाला टोचली गेली नाही. ओमायक्रॉनसाठीची तिची दुसरी आवृत्ती २०२३मध्ये सुईविना त्वचेत देण्याच्या रूपात आली. काही जण याला अपयश म्हणतात. मला पटत नाही. पुढचे औषध कर्करोगाचे असो की रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, ते चिकोडी-हुक्केरीच्या आरोग्य केंद्रात पोचवायचे तर हीच सुकवण्याची विद्या लागेल. तेव्हा नव्या चमत्कारी वाहनाची बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा: हे यकृताखेरीज आणखी कुठे पोचते? आणि वीज गेली, तर किती दिवस टिकते? दुसऱ्याचे उत्तर नसेल, तर पहिल्याच्या उत्तराचा आपल्या तालुक्याला उपयोग नाही.