चंद्रकोरीसमोरची कड

रुपयाच्या नाण्याच्या काठावर चंद्रकोरीसारखी खाच आहे. ती टांकसाळीतच पडली की नंतर कुणी कानस चालवली? बहुतेक जण भिंग लगेच खाचेवर धरतात. आधी पाहावी ती बरोबर समोरची कड.

छापण्याआधी धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती खाच घेऊनच निघते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात ती दाबाखाली फिरते आणि काठाला उंचवटा येतो. पण खाच एका बाजूला आली की समोरच्या काठाला पुरेसा रेटा मिळत नाही. तिथली कड बसकीच राहते आणि छापल्यावरही पुसट दिसते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. नंतर कापलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत असते, कारण ती कापण्याआधीच घडलेली असते.

खाच लहान असेल तर हा परिणाम खऱ्या नाण्यावरही दिसेलच असे नाही. तेव्हा जवळची अक्षरे पाहावीत. छापताना धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, त्यामुळे खऱ्या नाण्यावर ती पसरत विरून जातात. कापलेल्यावर तडकाफडकी तुटतात. तराजू मात्र इथे निकाल देत नाही. १९९२ साली आलेल्या स्टीलच्या रुपयाचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम, खाच कशीही पडली तरी ते घटणारच.

मला सर्वांत देखणी चूक वाटते ती ब्रोकेज. छापलेले नाणे साच्याला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर स्वतःचाच ठसा उमटवते. एका बाजूला सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावदार, तर दुसऱ्या बाजूला तीच उलटी आणि खोलगट. दोन नाणी यंत्रात एकमेकांवर दाबूनही खोलगट ठसा उठवता येतो, पण त्याखाली मूळ नक्षीच्या खुणा उरतात.

अमेरिकेत डेन्व्हरच्या टांकसाळीत १९३७ साली निघालेल्या काही पाच सेंटच्या नाण्यांवरचा बायसन तीन पायांचा आहे. साचा घासताना पुढचा एक पाय नाहीसा झाला, खूर तेवढा राहिला. या नाण्याला भाव चढला, तसे साध्या नाण्यावरचा पाय खरवडून विकणारेही निघाले. खऱ्या नाण्यावर पोटाखाली बारीक उठावदार ठिपक्यांची ओळ असते. नाण्यावरचा उठाव म्हणजे साच्यातला खळगा. नाणे कितीही खरवडले तरी तो उठाव त्यावर येत नाही.